विद्यापीठातील संशोधन, स्टार्टअप की संगणक सुरक्षा: पुढची काही वर्षे कशात घालवावीत?

प्रश्न: खानापूर तालुका, सध्या मुक्काम पुणे

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका लहान गावचा. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, बेळगावात अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि २०२१ पासून पुण्यातील एका स्टार्टअपमध्ये प्रोग्रामर म्हणून काम करीत आहे. लहान दुकानदारांना ऑनलाइन ऑर्डर आणि पैसे स्वीकारता यावेत अशी व्यवस्था आमची कंपनी पुरविते. त्यातील सर्व्हरकडचा बराचसा भाग, मुख्यतः गो भाषेत, मी लिहिलेला आहे.

गेल्या पावसाळ्यात घडलेला एक प्रसंग सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट मांडता येणार नाही. ग्राहकाने पैसे भरले की पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे वळते करणाऱ्या सेवेकडून) आमच्या सर्व्हरला तसा निरोप येतो आणि त्या निरोपासोबत एक डिजिटल सही असते. आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने तीच सही पुन्हा काढायची, दोन्ही ताडून पाहायच्या आणि जुळल्या तरच ऑर्डरवर ‘पैसे मिळाले’ अशी नोंद करायची, असा नियम आहे. एका रात्री दुसऱ्याच कामासाठी तो कोड उघडला असता माझ्या लक्षात आले की सही आलेली असेल तर आम्ही ती तपासत होतो, पण सहीच आलेली नसेल तर तपासणी वगळून निरोप खरा मानत होतो. म्हणजे आमच्या सर्व्हरचा पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही एक रुपया न भरता ऑर्डर पक्की करता आली असती. चाचणी सोपी जावी म्हणून ती अट दोन वर्षांपूर्वी मीच घातली होती आणि ती काढायची राहून गेली होती. दुरुस्ती पाच मिनिटांत झाली. गेटवेच्या हिशेबाशी सगळ्या ऑर्डरी ताडून पाहिल्या, तेव्हा फरक निघाला नाही. कोणी प्रयत्न तरी केला होता का, हे मात्र सांगता आले नाही, कारण आमच्याकडे लॉग, म्हणजे सर्व्हरवर काय घडले याच्या नोंदी, फक्त तीस दिवसांचे होते.

त्या दिवसापासून माझे वाचन पूर्णपणे बदलले आहे आणि पुढे याच विषयात काम करावे असे मनापासून वाटते. माझ्यापुढे तीन वाटा आहेत. बेंगळुरूतील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, प्रोग्राममधील दोष आपोआप शोधून काढण्याच्या संशोधनावर, दोन वर्षांसाठी प्रकल्प सहायकाची जागा मिळू शकते, पण तेथील पगार आजच्या निम्म्याहून कमी आहे. कॉलेजमधील एक मित्र नवा स्टार्टअप उभा करीत असून त्यात पगारासोबत थोडा हिस्सा देण्यास तयार आहे. तिसरी वाट म्हणजे सुरक्षा तपासणी करणाऱ्या एका कंपनीत सुरुवातीच्या पातळीवर रुजू होणे. शैक्षणिक कर्जाचे चौदा हप्ते बाकी आहेत, वडील गावाकडे भातशेती करतात आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण सुरू आहे.

संशोधनात घालविलेली दोन वर्षे पुढे सुरक्षेच्या कामात उपयोगी पडतात, की तोपर्यंत बरोबरीचे सगळे पुढे निघून जातात? या तीनही क्षेत्रांतून गेलेल्या आपल्या भागातील कोणी अनुभव सांगितला तर मी ऋणी राहीन.

उत्तर: निपाणीकर, पुणे

नमस्कार. तुम्ही ज्या तीन वाटा सांगता, त्या तीनही मी याच क्रमाने चाललो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहीत असत. बेळगावातून पदवी घेतल्यावर मी अडीच वर्षे एका विद्यापीठात संशोधन सहायक होतो, त्यानंतर सहा जणांच्या एका स्टार्टअपमध्ये चार वर्षे काढली, तो २००९ मध्ये बंद पडला आणि तेव्हापासून मी संगणक सुरक्षेचे काम करीत आहे.

तुम्ही ज्या प्रयोगशाळेबद्दल लिहिले आहे, तिच्या विषयाचा इतिहास समजून घेतला तर संशोधन वाया जाते का, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळेल. १९८८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर एका वादळी रात्री घरून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. पावसामुळे तारेवर खरखर होत होती आणि टाइप केलेल्या मजकुरात भलतीच अक्षरे घुसत होती. खानापूरकडच्या माणसाला पावसाळ्यातील टेलिफोनची ती खरखर वेगळी समजावून सांगायला नको. मिलर यांना आश्चर्य वाटले ते याचे, की त्या भलत्या अक्षरांमुळे युनिक्स या संगणकप्रणालीवरील नेहमीच्या वापरातील प्रोग्राम कोसळत होते. त्यांनी तोच विषय विद्यार्थ्यांना वर्गातील प्रकल्प म्हणून दिला: मुद्दाम अर्थहीन अक्षरांचा मारा करायचा आणि कोणता प्रोग्राम कोसळतो ते पाहायचे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तपासलेल्या प्रत्येक युनिक्स आवृत्तीवर चौथा हिस्सा ते एक तृतीयांश प्रोग्राम कोसळले किंवा अडकून पडले. आज आपण ज्याला फझिंग म्हणतो त्याची सुरुवात ही अशी झाली.

पुढे फिनलंडमधील औलू विद्यापीठात एका संशोधन गटाने हीच कल्पना नेटवर्क प्रोटोकॉलसाठी, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या नियमांसाठी, वापरली. प्रोटोकॉलचे व्याकरण समजून घ्यायचे आणि त्यात नेमक्या ठिकाणी चुकीची लांबी किंवा अर्धवट मजकूर घालून उपकरणांना पाठवायचा, अशी त्यांची पद्धत होती. त्या संशोधनातून २००१ मध्ये कोडेनोमिकॉन ही कंपनी निघाली. एप्रिल २०१४ मध्ये जगभर गाजलेला हार्टब्लीड हा दोष याच कंपनीच्या अभियंत्यांना आपले तपासणीचे साधन सुधारत असताना सापडला, आणि त्याच सुमारास गूगलमधील नील मेहता यांनाही तो स्वतंत्रपणे सापडला. वर्गातील प्रकल्प, विद्यापीठातील गट, स्टार्टअप आणि अखेरीस इंटरनेटच्या इतिहासातील एक मोठा दोष उघड होणे, ही साखळी सव्वीस वर्षांची आहे.

हार्टब्लीडमध्ये नेमके काय चुकले होते ते अवश्य वाचा, कारण तुमच्या चुकीशी त्याचे नाते आहे. इंटरनेटवरील संवाद गुप्त ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या तयार कोडच्या संग्रहात (लायब्ररीत) ‘मी जिवंत आहे, तूही आहेस ना’ असे विचारण्याची एक सोय होती. विचारणारा थोडा मजकूर पाठवितो, त्याची लांबीही सांगतो आणि समोरच्याने तोच मजकूर परत पाठवायचा असतो. पाठविणाऱ्याने एक अक्षर पाठवून लांबी चौसष्ट हजार सांगितली, तर सर्व्हर ती सांगितलेली लांबी खरी धरून स्मृतीतील पुढचा मजकूरही पाठवून देत असे, आणि त्या मजकुरात इतरांचे पासवर्ड किंवा खुद्द सर्व्हरची गुप्त किल्लीही असू शकत होती. समोरच्याने सांगितलेल्या गोष्टीवर पडताळणीशिवाय विश्वास ठेवला गेला, एवढीच ती चूक. तुमच्याकडे सही नसलेल्या निरोपाच्या बाबतीत हेच घडले. ती सोय लिहिणारा स्वतः पीएचडी करणारा विद्यार्थी होता आणि दुसऱ्या जाणकाराने कोड तपासूनही तो दोष दोन वर्षे कोणाच्या नजरेस आला नाही. म्हणून तुमच्या हातून चूक झाली याचे दडपण मनावर ठेवू नका. ती तुम्हाला स्वतःला सापडली, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

आता माझ्या अनुभवाकडे येतो. प्रयोगशाळेत मी शिकलो ते प्रश्न नेमका मांडायला. आमचे सर कोणताही दावा ऐकला की ‘हे खोटे ठरायचे असेल तर काय दिसायला हवे?’ असे विचारीत. सुरुवातीला मला त्याचा त्रास होई. आज कोणतीही यंत्रणा तपासताना मी नकळत तोच प्रश्न विचारतो. पण प्रयोगशाळेतील आमचे साधन आम्हीच निवडलेल्या, नीटनेटक्या प्रोग्रामवर चालत असे, ही त्या अडीच वर्षांची मर्यादा होती आणि ती मला स्टार्टअपमध्ये गेल्यावरच कळली.

आमचा स्टार्टअप सी भाषेतील कोड न चालविता, नुसता वाचून, त्यातील दोष शोधणारे साधन तयार करीत असे. पहिल्याच ग्राहकाकडे प्रात्यक्षिक होते. त्यांचा कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) एका जुन्या प्रोसेसरसाठी बनविलेला होता आणि त्यात प्रमाणित सी भाषेत नसलेले शब्द होते, त्यामुळे आमचे साधन त्यांची पहिली फाइलसुद्धा वाचू शकले नाही. तीन आठवड्यांनी ते दुरुस्त करून पुन्हा गेलो आणि अकराशे इशाऱ्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांच्या एका ज्येष्ठ अभियंत्याने यादीतील पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारले, ‘हा पॉइंटर (स्मृतीतील जागेचा पत्ता) रिकामा असू शकतो असे तुम्ही म्हणता, पण तो कोणत्या वाटेने रिकामा होईल?’ वाट खरोखरच होती, पण आमच्या अहवालात ती दाखविलेली नव्हती आणि मला तेथल्या तेथे ती सांगता आली नाही. त्यांनी तो इशारा खोटा ठरविला, आणि पुढचे पन्नास वाचण्याची तसदीही कोणी घेतली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून निघालेल्या कव्हेरिटी या कंपनीच्या मंडळींनी २०१० मध्ये आपले अनुभव लिहिले, तेव्हा त्यात नेमक्या याच अडचणी वाचून मला आपण एकटे नव्हतो याचा दिलासा मिळाला. तोपर्यंत आमची कंपनी बंद झाली होती.

सुरक्षेच्या कामात आल्यावर या दोन्ही गोष्टी रोज लागतात. दोष शोधण्यासाठी प्रयोगशाळेतील सवय लागते, आणि तो दोष ज्याच्या कोडमध्ये आहे त्याला पटवून देण्यासाठी ‘कोणत्या वाटेने?’ या प्रश्नाचे उत्तर अहवालात लिहिता यावे लागते. सुरुवातीच्या पातळीवरील तपासणीच्या अनेक नोकऱ्यांत तयार साधन चालवायचे आणि त्यातून निघालेला अहवाल ग्राहकाला पाठवायचा एवढेच काम असते. तशा नोकरीत तुम्ही कोड लिहिणे विसराल, अशी मला भीती वाटते.

म्हणून माझे मत प्रयोगशाळेच्या बाजूने आहे, मात्र होकार कळविण्यापूर्वी तेथील सरांना काही गोष्टी स्पष्ट विचारा. तयार होणारे साधन खऱ्याखुऱ्या, बाहेरच्या कोडवर चालवून पाहिले जाते का, लिहिलेला कोड खुला करण्याची परवानगी असते का, निबंधावर सहायकाचे नाव येते का आणि यापूर्वीचे सहायक आज कोठे काम करतात, हे विचारण्यात काहीही गैर नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले तर सावध व्हा.

दरम्यान आजच करता येण्यासारखी एक गोष्ट सांगतो. गो भाषेत १.१८ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, फझिंगची सोय भाषेसोबतच मिळते. निरोप वाचणाऱ्या तुमच्या फंक्शनवर ती लावा. नुसत्या माऱ्याने तुमचा तो सहीचा दोष सापडला नसता, कारण त्यात काहीच कोसळत नव्हते. परंतु चाचणीत ‘योग्य सहीविना आलेला कोणताही निरोप स्वीकारला जाता कामा नये’ ही अट लिहून ठेवली असती, तर यंत्राने सही नसलेला निरोप काही क्षणांत पुढे आणून ठेवला असता. कोणती गोष्ट कधीही घडता कामा नये हे नेमके लिहून काढणे, हाच या संशोधनाचा गाभा आहे.

उत्तर: टिळकवाडी, बेळगाव

मी येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गेली सतरा वर्षे संगणकशास्त्र शिकविते. निपाणीकर दादांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवावासा वाटतो. केवळ प्रकल्प सहायक म्हणून दोन वर्षे काढली आणि हाती पदवी आली नाही, तर ती वर्षे पुढे कागदावर दाखविणे कठीण जाते. माझ्या दोन गुणी विद्यार्थ्यांच्या बाबतीत असे घडले आहे. प्रकल्पाचा निधी संपला, जागा संपली आणि निबंध अपुरा राहिला.

त्याऐवजी संशोधनावर आधारित एम.टेक. किंवा एम.एस.चा विचार करावा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम.टेक. संशोधन आणि आयआयटी मद्रासमध्ये एम.एस. संशोधन असे अभ्यासक्रम आहेत, ज्यांत मुख्य भर विषयांच्या परीक्षांपेक्षा प्रबंधावर असतो. त्यासाठी गेट ही अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते आणि तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात, त्यामुळे नोकरी करीत असतानाच ती देऊन ठेवणे शहाणपणाचे आहे. आपल्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर धारवाडला २०१६ पासून आयआयटी आहे, हे अजूनही आपल्याकडील अनेक पालकांच्या ध्यानात येत नाही.

पैशांचा विचार करताना पुढील आकडे लक्षात असू द्या. गेटमार्फत एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, ज्यात हप्ते आणि घरखर्च दोन्ही भागणार नाहीत. पीएचडीसाठी जेआरएफची (सुरुवातीच्या वर्षांतील संशोधन शिष्यवृत्तीची) दरमहा रक्कम २०२३ पासून ३७,००० रुपये आणि पीएचडीच्या नंतरच्या वर्षांतील एसआरएफची (वरिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची) ४२,००० रुपये आहे. तुमच्यावर चौदा हप्ते आहेत, म्हणून माझा आग्रह असा की सव्वा वर्ष आहे ती नोकरी करा, त्या काळात गेट द्या, कर्ज फेडा आणि मोकळ्या मनाने संशोधनाला जा. विद्यार्थी घरच्या ओढाताणीत असला की प्रबंधाकडे त्याचे लक्ष लागत नाही, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. संशोधनात महिनोन्महिने हाती काही लागत नाही आणि ते सोसण्यासाठी डोक्यावरचे ओझे हलके असावे लागते.

वयाची चिंता तर मुळीच करू नका. कानपूरच्या आयआयटीमध्ये २००२ मध्ये मणींद्र अग्रवाल यांच्यासोबत मूळसंख्या ओळखण्याची प्रसिद्ध रीत शोधणारे नीरज कयाल आणि नितीन सक्सेना नुकतेच बी.टेक. झालेले होते, हे उदाहरण विद्यार्थ्यांना नेहमी ऐकविले जाते आणि त्याचा उलटा परिणाम असा होतो की पंचविशी ओलांडलेल्या मुलांना आपली वेळ निघून गेली असे वाटू लागते. सुरक्षेच्या संशोधनात प्रत्यक्ष चालू यंत्रणा हाताळलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी पुढे असतो, कारण दोष कोठे दडतात हे त्याला ठाऊक असते. निरोप, सही आणि लॉग यांविषयी तुम्ही जे लिहिले आहे, तेच प्रवेशाच्या मुलाखतीत सांगा.

तुम्ही विचारले नाही, पण मराठी शाळेतून आलेली मुले ज्या एका गोष्टीने मनातल्या मनात खचतात, तिच्याबद्दल लिहिते. इंग्रजी निबंध पहिल्या वाचनात समजला नाही तर दोष आपल्या भाषेचा आहे असे समजू नका. ते निबंध इंग्रजी शाळेतील मुलांनाही समजत नाहीत. मी विद्यार्थ्यांना प्रत्येक निबंधाचा सारांश एका पानावर मराठीत लिहायला लावते, आणि ज्यांची मातृभाषा कन्नड आहे त्यांना कन्नडमध्ये. जेथे वाक्य अडते, तेथे निबंध समजलेला नसतो, आणि मग तेवढाच भाग पुन्हा वाचायचा.

उत्तर: उद्यमबाग, बेळगाव

मी संशोधक नाही. उद्यमबागेतील फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने यांच्या संगणकांची आणि नेटवर्कची व्यवस्था पाहतो. वरील दोन्ही उत्तरांत एक विषय राहून गेला आहे, तो म्हणजे कायदा, आणि तो मी स्वतः भोगलेला असल्यामुळे लिहिणे मला भाग आहे.

अनेक वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या निकालाच्या संकेतस्थळावर मी भाच्याची गुणपत्रिका पाहत होतो. पत्त्याच्या शेवटी एक क्रमांक होता. तो एकाने वाढविला, तर दुसऱ्याच मुलीची गुणपत्रिका, छायाचित्र आणि घरच्या फोन क्रमांकासह समोर आली. मला धक्का बसला. खात्री करण्यासाठी मी आणखी दहा-बारा क्रमांक टाकून पाहिले आणि संस्थेला सविस्तर ईमेल लिहिला. आभाराऐवजी पोलिसांत तक्रार करण्याची धमकी आली. प्रकरण समजुतीने मिटले, पण तो महिना घरातील सगळ्यांनी कसा काढला ते आठवले की आजही त्रास होतो. त्या दोषाचा प्रकार अगदी सामान्य आहे. मागणारा कोण आहे हे न तपासता मागितलेली वस्तू देणे, या गटाला ओडब्ल्यूएएसपी या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या प्रमुख धोक्यांच्या २०२१ च्या यादीत पहिले स्थान आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा जबाबदार व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे किंवा माहिती उतरवून घेणे यासाठी भरपाईची तरतूद आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले असेल तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘माझा हेतू चांगला होता’ हे सांगण्याची पाळी आपल्यावर येऊच नये, अशा रीतीने काम करावे. पहिला क्रमांक चुकून दिसला येथपर्यंत ठीक होते, पुढचे दहा-बारा मी पाहायला नको होते. सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था अशा दोषांच्या सूचना स्वीकारते आणि संबंधितांशी बोलते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. तिच्याच २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे आणि लॉग १८० दिवस जपून ठेवणे अपेक्षित आहे. तुमच्या कंपनीत तीस दिवसांचेच लॉग आहेत, तेवढे आधी वाढवून घ्या.

रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याची गोष्ट या क्षेत्रात नेहमी सांगितली जाते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्याने सोडलेला वर्म (एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा प्रोग्राम) हजारो संगणकांत शिरला. त्याला शिक्षा झाली, पुढे तो एका यशस्वी स्टार्टअपचा भागीदार झाला आणि अखेरीस एमआयटीत प्राध्यापक झाला. म्हणजे तुम्ही सांगता त्या तीनही वाटा एकाच माणसाच्या आयुष्यात आल्या. तरुण मुले त्यातील शेवटचा भागच लक्षात ठेवतात. त्याला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा (प्रोबेशन), चारशे तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरहून अधिक दंड झाला होता, आणि आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याच्या मुलावर नुसता गुन्हा नोंदला गेला तरी पासपोर्टपासून नोकरीपर्यंत सगळे अडते.

आणखी एक सांगतो. सुरक्षेचे काम म्हणजे पुणे किंवा बेंगळुरू एवढेच नव्हे. मागच्या वर्षी एका फाउंड्रीत भट्टीचे तापमान नियंत्रित करणारा पीएलसी (कारखान्यातील यंत्रे चालविणारा छोटा संगणक) हिशेबाच्या संगणकाच्याच नेटवर्कवर जोडलेला मला आढळला. त्याच संगणकावर मालकांना घरून हिशेब पाहता यावा म्हणून रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालविण्याची सोय) इंटरनेटला थेट उघडा ठेवलेला होता. पीएलसीशी बोलण्याची मॉडबस ही भाषा १९७९ मधील आहे आणि तिच्यात तुम्ही कोण आहात हे विचारण्याची सोयच नाही. जो आज्ञा देईल त्याची आज्ञा यंत्र पाळते. म्हणजे एका कारकुनाच्या कमकुवत पासवर्डाच्या पलीकडे वितळलेल्या लोखंडाची भट्टी होती, आणि तिच्याजवळ पाळीला आठ माणसे उभी असतात. आम्ही दोन्ही नेटवर्क वेगळी केली, रिमोट डेस्कटॉप बंद केला आणि बॅकअपची एक प्रत रोज संध्याकाळी संगणकापासून काढून कपाटात ठेवायला सुरुवात केली. या कामाला संशोधनाची पदवी लागली नाही, पण ते समजून करणारी माणसे आमच्याकडे फार थोडी आहेत.

याच विषयातील लोकांना भेटायचे असेल तर नलकॉन ही परिषद २०१० पासून गोव्यात भरत आली आहे, आणि चोर्ला घाटातून गोवा आपल्याला पुण्यापेक्षा जवळ आहे. तिकीट महाग वाटले तर नल या सुरक्षाविषयक गटाच्या पुणे आणि बेंगळुरू येथील विनाशुल्क बैठकांना जा.

प्रश्नकर्ता: खानापूर तालुका, सध्या मुक्काम पुणे

दादा, ताई आणि उद्यमबागचे सर, आपण तिघांनी इतका वेळ काढून लिहिले याबद्दल मनापासून आभार. घरी वडिलांना फोनवर सगळे वाचून दाखविले. भट्टीजवळ उभ्या असणाऱ्या माणसांचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला.

रविवारी दादांनी सांगितल्याप्रमाणे निरोप वाचणाऱ्या फंक्शनवर फझिंग लावले आणि सहीविषयीची अटही चाचणीत लिहिली. मुद्दाम जुना कोड परत आणून पाहिला, तेव्हा सही नसलेला निरोप यंत्राने लगेच पकडला. नवा कोड त्या अटीवर टिकला, पण चाळिसाव्या सेकंदाला चाचणी भलत्याच ठिकाणी थांबली. तारखेच्या रकान्यात दहाऐवजी नऊच अक्षरे आली तर आमचा कोड नसलेले दहावे अक्षर वाचायला जात होता आणि कोसळत होता. ज्या मजकुराने हे घडले तो गोने फाइलमध्ये जपून ठेवला आहे. लॉग १८० दिवस ठेवण्याविषयीही कंपनीत बोललो असून ते काम या आठवड्यात होईल.

बेंगळुरूच्या प्रयोगशाळेतील सरांना दादांनी सुचविलेले प्रश्न ईमेलने विचारले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर पाठविले. यापूर्वीच्या चार सहायकांपैकी दोघे त्यांच्याकडेच पीएचडी करीत आहेत, कोड खुला केला जातो आणि निबंधावर नाव येते. मात्र प्रकल्पाचा निधी पुढील मार्चपर्यंतचाच मंजूर आहे, हेही त्यांनी स्वतःहून कळविले. ताईंनी जे सांगितले तेच यातून दिसले, म्हणून सध्या नकार कळवून गेटनंतर त्यांच्याचकडे संशोधन अभ्यासक्रमासाठी अर्ज करू का, असे मी त्यांना विचारले आहे.

उत्तर: निपाणीकर, पुणे

ताईंचा मुद्दा मला पटला. निधीच्या मुदतीचा प्रश्न मी सुचवायला हवा होता आणि ते माझ्याकडून राहून गेले. त्या सरांनी न विचारता ते सांगितले, यावरून माणूस सरळ दिसतो, तेव्हा संपर्क तुटू देऊ नका. तारखेचा दोष दुरुस्त केल्यावर तो नऊ अक्षरांचा मजकूर चाचणीतून काढू नका. तो कोडसोबतच जतन करा, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणी तोच भाग बदलला तर तो मजकूर प्रत्येक वेळी आपोआप तपासला जाईल.